विमानाच्या इंजिनाची नोंदवही



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांना वाटेल कीं, यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्याचा आणि विमानाच्या इंजिनाचा संबंध तो काय? परंतु हा संबंध आतां पूर्वीइतका दूरचा राहिलेला नाहीं. आपल्या यवतमाळजवळ भारी येथें धांवपट्टी आहे. शेजारच्या अमरावतीस बेलोरा विमानतळावरून २०२५ च्या एप्रिलमध्यें प्रवासी विमानसेवा सुरू झाली. नागपूरचा फ्लाइंग क्लब आणि गोंदियाजवळील बिरसी येथील नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट या संस्थांनीं तर विदर्भाच्याच आकाशांत तरुणांना विमानविद्येचे धडे दिले आहेत. मुलानें वकील व्हावें कीं डॉक्टर, एवढाच वाद ज्या घरांत पूर्वीं चाले, त्याच घरांत आज एखादी मुलगी 'मी वैमानिक होणार' असें म्हणते आणि आईबाप चौकशीला लागतात.

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळण्यास आपल्या देशांत २०० तासांचें उड्डाण करावें लागतें. त्यांतील पुष्कळ तास शिक्षक शेजारीं नसतो. खालीं कापसातुरीचीं शेतें, वर मोकळें आकाश आणि समोर एकच इंजिन, अशा स्थितींत विद्यार्थ्याला एकट्यानें विमान न्यावें व आणावें लागतें. तें इंजिन आजारी पडत चाललें असेल, तर त्याची वर्दी आगाऊ मिळूं शकते काय? पुष्कळ वेळां मिळूं शकते. ती वर्दी कोठें लिहिलेली असते व ती कशी वाचावयाची, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

'ब्लॅक बॉक्स' हें नांव आपण वर्तमानपत्रांत वाचतों. तो डबा काळा नसून नारिंगी असतो, आणि त्याची कल्पना ऑस्ट्रेलियांतील मेलबोर्न येथील डेव्हिड वॉरन या शास्त्रज्ञानें १९५० नंतरच्या दशकांत पुढें आणली. मोठ्या प्रवासी विमानांना असे डबे कायद्यानें ठेवावे लागतात. शिकाऊ विद्यार्थ्यांच्या लहान विमानांना सामान्यतः ही सक्ती नसते. मात्र अशा पुष्कळ विमानांत दुसरें एक लहानसें यंत्र असतें. त्याला 'इंजिन मॉनिटर' म्हणतात. इंजिनाच्या निरनिराळ्या भागांचें उष्णतामान, तेलाचा दाब, इंधनाचा खर्च, पंख्याचे मिनिटाला होणारे फेरे, हें सर्व तें वैमानिकाला दाखवितें आणि स्वतःच्या स्मरणांत टिपूनही ठेवितें. कांहीं यंत्रें दर सहा सेकंदांनीं टिपतात, तर नव्या कांचपडद्यांचीं यंत्रें दर सेकंदाला. दर सेकंदाला एक ओळ धरली, तर तासाभराच्या उड्डाणाच्या ३,६०० ओळी होतात. ब्लॅक बॉक्स बहुधा अपघातानंतर उघडला जातो, म्हणजे तो पंचनाम्यासारखा आहे. इंजिनाची ही नोंदवही अपघातापूर्वीं वाचावयाची असते, आणि तिचें सारें महत्त्व या 'पूर्वीं' शब्दांत आहे.

इंजिनाची नोंद ठेवावी ही बुद्धि विमानाइतकीच जुनी आहे. १७ डिसेंबर १९०३ रोजीं राइट बंधूंनीं पहिलें उड्डाण केलें, त्या वेळीं त्यांच्या यंत्रावर वाऱ्यांतून कापलेलें अंतर, लागलेला वेळ आणि इंजिनाचे फेरे मोजणारीं साधनें बसविलेलीं होतीं. आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून मुंबईस टपाल आणलें, तेंही एका इंजिनाच्या लहान 'पस मॉथ' विमानांतून. त्या काळीं वैमानिकाचा खरा भरंवसा कानावर असे. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावर १९९४ पर्यंत वाफेचें इंजिन धांवत असे. त्या 'शकुंतले'चा चालक दाबाचा कांटा पाही आणि आवाजावरून इंजिनाचा रागरंग ओळखी. परंतु कानाला स्मरण थोडें असतें. गेल्या महिन्यांतील आवाज आणि आजचा आवाज यांत तिळाएवढा फरक पडला असेल, तर तो कोणाला सांगतां येणार? तो तिळाएवढा फरक कागदावर दाखविणें हेंच नोंदवहीचें काम.

आतां इंजिनाची रचना थोडक्यांत पाहूं. आपल्या देशांत अनेक पिढ्यांनीं ज्यावर धडे गिरविले त्या 'सेस्ना १५२' विमानांत लायकमिंग कंपनीचें ११० अश्वशक्तीचें इंजिन असतें. त्यांत चार सिलिंडर दोन्ही बाजूंना समोरासमोर आडवे बसविलेले असतात. त्यांना थंड करण्यास मोटारीप्रमाणें पाणी नसतें. सिलिंडरांच्या अंगावर पातळ पात्यांच्या झालरी असतात, आणि त्यांवरून वाहणारा वारा उष्णता घेऊन जातो. प्रत्येक सिलिंडरांत ठिणगी पाडणारे दोन प्लग असतात, आणि त्यांना वीज पुरविणारे 'मॅग्नेटो'ही दोन व स्वतंत्र असतात. हेतु हा कीं, एक बंद पडला तरी दुसऱ्यानें घरीं पोहोंचावें.

उष्णता मोजण्यासाठीं जीं साधनें लावितात, त्यांना 'थर्मोकपल' म्हणतात. दोन भिन्न धातूंच्या तारांचीं टोकें जोडून तो सांधा तापविला, तर तारांत सूक्ष्म वीज उत्पन्न होते. हा गुण सीबेक या शास्त्रज्ञानें १८२१ सालीं दाखवून दिला. नेहमीच्या वापरांतील तारांत एका अंशाला ही वीज एका व्होल्टाच्या सुमारें चोवीस हजाराव्या भागाइतकी असते. एवढ्याशा विजेवर आपली सर्व नोंदवही उभी आहे, हें पुढील विवेचनासाठीं ध्यानांत असूं द्यावें.

प्रत्येक सिलिंडरावर अशीं दोन साधनें असतात. एक सिलिंडराच्या माथ्याच्या धातूंत रुतविलेलें असतें. दुसरें, जळका वायु ज्या नळींतून बाहेर पडतो त्या नळींत, सिलिंडरापासून थोड्या अंतरावर बसविलेलें असतें. वैमानिक पहिल्या आंकड्याला 'सीएचटी' व दुसऱ्याला 'ईजीटी' म्हणतात. आपण सोयीसाठीं एकाला माथ्याचा आंकडा आणि दुसऱ्याला धुराचा आंकडा म्हणूं.

हे दोन आंकडे एकाच जातीचे नव्हेत. नवशिका वाचक बहुधा येथेंच फसतो. माथ्याचा आंकडा हा ज्वरमापकासारखा आहे. त्याला स्वतःचा अर्थ आहे. लायकमिंगच्या पुष्कळ इंजिनांना तो २६० अंश सेल्सिअसच्या वर जाऊं देऊं नये अशी मर्यादा असते, आणि इंजिनाला दीर्घायुष्य लाभावें म्हणून नेहमीच्या प्रवासांत तो सव्वादोनशेंच्या आंत, शक्य तर दोनशेंच्या आसपासच राखावा असें सांगतात. कारण ॲल्युमिनियमचा माथा जितका तापेल तितका नरम होतो. धुराचा आंकडा मात्र ७०० किंवा ८०० अंश दिसला म्हणून घाबरण्याचें कारण नाहीं, आणि त्यावरून समाधान मानण्याचेंही कारण नाहीं. इंजिनाच्या चार टप्प्यांपैकीं एकाच टप्प्यांत जळका वायु नळींतून वाहतो. त्यामुळें तेथील साधनाला मिळते ती निव्वळ सरासरी. शिवाय एका सिलिंडराचें साधन दोन बोटें जवळ व दुसऱ्याचें दोन बोटें दूर बसलें, तर निरोगी सिलिंडरांचेही आंकडे वेगळे येतात. म्हणून धुराच्या बाबतींत आंकडा किती, हा प्रश्न गौण आहे. तो कोणत्या दिशेला व केव्हां हालला, हा प्रश्न मुख्य आहे.

धुराचा आंकडा मुळांत कशासाठीं पाहतात, हेंही सांगितलें पाहिजे. इंजिनांत इंधन व हवा यांचें मिश्रण जळतें. इंधन फाजील असेल, तर न जळलेलें इंधन उष्णता शोषतें आणि धूर कमी तापतो. हवा फाजील असेल, तर ती जादा हवा उष्णता वांटून घेते आणि धूर पुन्हा कमी तापतो. या दोहोंच्या मधें कोठें तरी धुराच्या उष्णतेचें शिखर असतें. वैमानिक एक दांडा हळूहळू मागें ओढून इंधन कमी करतो, धुराचा आंकडा चढत जातो, शिखर गांठतो आणि उतरूं लागतो. त्या शिखराच्या अलीकडे राहावें कीं पलीकडे, हें ठरवून तो मिश्रण बेततो. चारही सिलिंडर जवळजवळ एकाच वेळीं शिखरावर पोहोंचले, तर इंजिनाला इंधनाची वांटणी न्यायानें होत आहे असें समजावें. एखादा फार आधीं पोहोंचला, तर त्याच्या वाट्याला इंधन कमी येत आहे. ज्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडराला स्वतंत्र तोटीनें इंधन मिळतें, तेथें ती तोटी चोंदली असल्याचा संशय घ्यावा.

आतां नोंदवही वाचण्याच्या मुख्य रीतीकडे वळतों. ती रीत तीन तुलनांची आहे. शेजाऱ्यांशीं तुलना, दुसऱ्या आंकड्याशीं तुलना आणि स्वतःच्या पूर्वायुष्याशीं तुलना.

पहिली, शेजाऱ्यांशीं. आलेखावर चार सिलिंडरांच्या चार रेघा असतात. बिघाड दिसला कीं पहिला प्रश्न हा विचारावा : चौघेही बिघडले कीं एकटाच? चारही रेघा एकदम खालीं आल्या असतील, तर कारण सर्वांना समान असलें पाहिजे. समजा, आषाढांतील ओलसर हवेंतून एखादें कार्बुरेटरचें विमान चाललें आहे आणि फेरे व धुराचे आंकडे सर्वच सावकाश घसरत आहेत. अशा वेळीं कार्बुरेटरच्या गळ्याशीं बर्फ धरत आहे काय, हें पाहावें लागतें. बाहेर थंडी नसतांना बर्फ कसें, असें कोणी विचारील. इंधनाची वाफ होतांना व हवा अरुंद गळ्यांतून जातांना उष्णता खेंचली जाते, आणि हवा दमट असली तर वीस अंशांच्या दिवसांतही तेथें बर्फ जमूं शकतें. गरम हवेचा दांडा ओढला कीं तें वितळतें. याउलट चार रेघांतील एकच रेघ वेगळी वागली, तर दोष त्या एका सिलिंडरापुरता शोधावा. शाळेंत वर्गाची सरासरी चांगली असतांना कोपऱ्यांत एखादें मूल मागें पडत असतें आणि सरासरींत तें दिसत नाहीं. जुन्या पद्धतीच्या विमानांत चार सिलिंडरांपैकीं एकाच्याच माथ्याला कांटा जोडलेला असे. उरलेल्या तिघांची हजेरी कोणी घेतच नव्हतें.

दुसरी तुलना धुराची आणि माथ्याची परस्परांशीं. समजा, एका सिलिंडराचा धुराचा आंकडा तीस ते पन्नास अंशांनीं वाढला, पण माथ्याचा आंकडा किंचित् उतरला. सहज वाटेल कीं सिलिंडर तापला. वास्तविक त्याचा एक प्लग बंद पडला आहे. दोन प्लग दोन बाजूंनीं आग लावतात, तेव्हां मिश्रण लौकर जळून संपतें. एकच उरला म्हणजे जळणें लांबतें, आणि जळत असतांनाच वायु बाहेर पडतो. त्यामुळें धूर अधिक तापलेला दिसतो. जमिनीवर प्रत्येक उड्डाणापूर्वीं वैमानिक पाळीपाळीनें एकेक मॅग्नेटो बंद करून पाहतो, तेव्हां याची खात्री करतां येते. निरोगी इंजिनांत एक मॅग्नेटो बंद होतांच चारही धुराच्या रेघा सारख्या वर चढतात. ज्या सिलिंडरांत उरलेला प्लग मेलेला असेल, त्याची रेघ मात्र त्याच क्षणीं खालीं कोसळते, कारण तेथें ठिणगीच पडत नाहीं. अशा रीतीनें आठ प्लगांपैकीं नेमका कोणता काढावयाचा, हें कारागिराला इंजिन उघडण्यापूर्वींच कळतें.

याच्या उलट चित्र फार भयंकर आहे. माथ्याचा आंकडा झपाट्यानें चढत आहे आणि धुराचा उतरत आहे, असें दिसलें, तर मिश्रण सावकाश जळण्याऐवजीं स्फोटासारखें भडकत आहे, किंवा ठिणगीच्या आधींच पेट घेत आहे, असा संशय धरावा. जी उष्णता धुराबरोबर बाहेर जावयाची, ती धातूंत शिरते. हा प्रकार तासांचा नव्हे, मिनिटांचा असतो. दट्ट्याला भोंक पडण्यास तेवढा अवधि पुरतो. येथें नोंदवही घरीं येऊन वाचण्यांत अर्थ नाहीं. मिश्रणांत इंधन वाढवून व शक्ति कमी करून तेथल्या तेथें उपाय करावा लागतो, आणि म्हणूनच या यंत्रांना धोक्याचा दिवा जोडलेला असतो.

येथें आपल्या भागाच्या उन्हाळ्याचा विचार केला पाहिजे. यवतमाळ समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचारशें मीटर उंच आहे. मे महिन्यांत पारा ४३ अंशांवर गेला, म्हणजे येथील हवा इतकी विरळ होते कीं, इंजिनाला व पंखांना आपण सुमारें दीड हजार मीटर उंचीवर आहों असें वाटतें. समुद्रकांठच्या सामान्य दिवसाच्या मानानें हवेची घनता सातव्या हिश्श्यानें उणी भरते. शक्ति कमी, चढण्याचा वेग कमी, वाराही तापलेला, त्यामुळें चढतांना माथ्यांचे आंकडे वाढणारच. चारही माथे मिळून वाढत असतील आणि मर्यादेंत असतील, तर तो ऋतूचा परिणाम होय. नाक थोडें खालीं घेऊन वेग वाढविला, तर अधिक वारा लागून ते उतरतात. पौषांतील आलेखाशीं वैशाखांतील आलेख ताडून 'इंजिन बिघडलें' असा निष्कर्ष काढणें योग्य होणार नाहीं.

यावरून तिसरी तुलना ओघानेंच येते. प्रत्येक इंजिनाचा स्वभाव वेगळा असतो. एकाचा तिसरा सिलिंडर जन्मतःच इतरांपेक्षां दहा अंश गरम असतो आणि तसाच सुखानें शेंकडों तास चालतो. म्हणून इंजिन निरोगी असतांनाच, ठराविक उंचीवर, ठराविक फेऱ्यांवर, ठराविक मिश्रणावर त्याचा आलेख काढून जपून ठेवावा आणि पुढें ऋतुमान ध्यानांत घेऊन त्याच अटींवर ताडून पाहावा. निकासाच्या झडपेचा रोग तर बहुधा अशा चिकाटीच्या वाचनालाच सांपडतो. झडपेची कड एका जागीं जळूं लागली, म्हणजे तेथून तप्त वायु निसटतो. झडप स्वतःभोंवतीं सावकाश फिरत असते, त्यामुळें ती गळकी जागा कधीं साधनाकडे तोंड करते, कधीं पाठ. मग धुराची ती एक रेघ सुमारें मिनिटाला एक या संथ लयींत वरखालीं होऊं लागते. बाकी तीन रेघा शांत असतात. कानाला कांहीं कळत नाहीं, विद्यार्थ्याला कांहीं जाणवत नाहीं. परंतु त्या लाटेची खूण ओळखून कारागिरानें सिलिंडराचा दाब तपासला व सूक्ष्म दुर्बीण आंत घालून झडप पाहिली, तर एक झडप बदलून काम भागतें. न ओळखली, तर एके दिवशीं तिचा तुकडा हवेंत असतांनाच तुटूं शकतो.

श्रोत्यांनीं एक शंका मनांत घेतली असेल : हें यंत्रच खोटें बोललें तर? अवश्य बोलतें, आणि त्याचें खोटें पकडण्याची युक्ति पदार्थविज्ञानाच्या पहिल्या धड्यांत आहे. सिलिंडराचा माथा म्हणजे तापलेल्या धातूचा जड गोळा. तो १८० अंशांवरून एका सेकंदांत ४० अंशांवर येऊं शकत नाहीं. आलेखांत अशी उडी दिसली, तर इंजिन ठीक असून तार सुटली आहे असें बहुधा समजावें. एका व्होल्टाच्या चोवीस हजाराव्या भागावर चाललेला हा व्यवहार. एखादा सांधा ढिला झाला तरी आंकडे नाचूं लागतात. खरा रोग निसर्गाच्या वेगानें येतो. तारेचा दोष निसर्गाला अशक्य अशा वेगानें येतो.

मात्र नोंदवही सांगते तें 'काय घडलें' एवढेंच. विद्यार्थ्यानें दांडा कां ओढला, त्याला कोणती भीति वाटली, हें तींत लिहिलेलें नसतें. म्हणून तिचा उपयोग आरोपपत्रासारखा करूं नये. प्रत्येक चढलेल्या आंकड्याबद्दल दंड होऊं लागला, तर मुलें कांट्याकडे पाहतील आणि आकाशाकडे पाहणें सोडतील. त्यापेक्षां उड्डाणानंतर शिक्षकानें विद्यार्थ्याला जवळ बसवून त्याचाच आलेख त्याच्याकडून वाचवून घ्यावा. स्वतः चढविलेला आंकडा स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिला, म्हणजे पुढच्या वेळीं हात आपोआप संयमानें चालतो.

शेवटीं आपल्या घरांपुरतें बोलतों. मुलामुलीला विमानविद्येस पाठवितांना आपण शुल्क विचारतों, वसतिगृह विचारतों, तास किती दिवसांत पुरे होतील तें विचारतों. त्यांत आणखी दोन प्रश्नांची भर घालावी. 'आपल्या विमानांत इंजिनाची नोंद ठेवणारें यंत्र आहे काय?' आणि 'ती नोंद किती दिवसांनीं व कोण वाचतो?' पहिल्या प्रश्नाचें उत्तर पैशानें देतां येतें. दुसऱ्याचें उत्तर संस्थेच्या संवयीवर अवलंबून आहे. स्मरणपट्टींत हजारों ओळी सांचल्या आणि त्या उघडून पाहणारा कोणी नसला, तर त्या नोंदीनें विद्यार्थ्याचें कांहींही रक्षण झालेलें नाहीं. ज्या ठिकाणीं कारागीर नांवानिशीं सांगेल कीं, अमक्या विमानाचा दुसरा सिलिंडर गेल्या महिन्यापासून थोडा गरम चालत आहे व आम्हीं त्यावर लक्ष ठेविलें आहे, तेथें निर्धास्तपणें मूल पाठवावें. दोष मुळींच नसलेलें इंजिन जगांत नाहीं. दोष लहान असतांनाच तो ओळखणारीं माणसें तेथें आहेत कीं नाहींत, एवढेंच आपण पाहावयाचें आहे.